पाण्याला भिणारी पाणमांजरी

घाटाच्या पायथ्याशी एका धबधब्याखाली खोल डोह होता. त्या डोहाकाठी एक पाणमांजरी आपल्या दोन पिलांना घेऊन राहत असे. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. मुलांनो, तुम्हाला वाटेल, पाणमांजराची पिले पोहणे पोटातूनच शिकून येतात. तसे मुळीच नाही. आईला त्यांना मानगुटीला धरून पाण्यात न्यावे लागते, तिथे सोडावे लागते, आणि ती कितीही रडली तरी मन घट्ट करावे लागते.

पिले जरा मोठी झाली तशा त्यांच्या दोन शिकवण्या सुरू झाल्या. पहाटे काठावरच्या खडकावर कस्तूर पक्षी शीळ शिकवायला येई आणि ऊन वर आले की आई डोहात पोहायला शिकवी. कस्तूर मोठा शिस्तीचा गुरुजी. त्याने सगळ्यात आधी संकटाची शीळ शिकवायला घेतली. ती उंच आणि लांबवलेली असे, धबधब्याच्या आवाजावरून पलीकडे ऐकू जाई. थोरलीच्या गळ्यात ती सहज बसली. धाकट्याने थोडी फुसफुस केली आणि तो डोहाकडे पाहत बसला.

पाण्यात मात्र धाकटा पहिल्याच दिवशी रमला. थोरलीच्या नाकातोंडात पाणी गेले, तिची भीतीने गाळण उडाली, आणि त्यानंतर तिने एक युक्ती काढली. आईने हाक मारली की ती म्हणे, "आई, गुरुजींनी नवी शीळ दिलीय. घोटून झाली की येते." ती शीळ दिवस मावळेपर्यंत काही घोटून होत नसे. पोरीची रडारड नको, ती गाते तर गाऊ दे, असे म्हणून आई धाकट्यालाच घेऊन पाण्यात उतरे. धाकटाही काही कमी नव्हता. शीळ घालायला ताई आहेच, असे सांगून त्याने कस्तुराकडे जाणे सोडून दिले. घरात कटकट म्हणून उरली नाही.

एकदा आई धबधब्याच्या वरच्या अंगाला खेकडे शोधायला गेली होती. धाकट्याला डोहाच्या मध्यावर मासा चमकताना दिसला. त्याने बुडी मारली आणि कोणी तरी लावून ठेवलेल्या जाळ्यात त्याचा मागचा पाय अडकला. कसाबसा तो वर आला, तरी तोंडच तेवढे पाण्याबाहेर राहिले. तो जितका हिसके देई तितकी दोरी पायात रुतत जाई. त्याचे ओरडणे काठापर्यंत येत होते, पण वर आईपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

काठावरून थोरलीने शीळ घातली. वरून आईने लगेच साद दिली. ती निघाली होती, पण तिला कड्याला वळसा घालून खाली यायचे होते, आणि धाकटा तर आताच दमत चालला होता. त्याला कोणी तरी वर धरून ठेवायला हवे, हे थोरलीला कळत होते. तिथे आपल्याखेरीज कोणी नाही, हेही कळत होते. तिने पाय पाण्यात घातला आणि काढून घेतला. पुन्हा शीळ घातली, मग पुन्हा. रोज ती जशी शिळेआड लपे, तशीच आताही लपत होती.

"ताई," धाकटा क्षीण आवाजात म्हणाला, "शीळ पुरे. तू ये."

थोरलीने डोळे मिटून उडी घेतली. त्याला पोहणे म्हणता येणार नाही. ती हातपाय मारत, पाणी पीत, कशीबशी त्याच्यापर्यंत पोहोचली आणि तिने आपली मान त्याच्या हनुवटीखाली दिली. दोघे खाली जात होती, वर येत होती. तेवढ्यात आई आली. तिने दातांनी दोरी तोडली आणि दोघांनाही काठावर ओढले. जीव वाचले. पण दोरी धाकट्याच्या पायाच्या शिरेपर्यंत गेली होती. तो पाय पुन्हा कधी बळकट झाला नाही. धाकटा पुढेही पोहला, पण एका अंगावर कलून, आणि पूर्वी त्याच्या हाती लागणारे मासे आता त्याला मागे टाकून निघून जात.

त्या पायाकडे पाहून थोरलीला हुंदका आवरेना. "मी लगेच आले असते तर याचा पाय वाचला असता," ती म्हणाली.

आईला खोटे बोलवेना. "हो, वाचला असता," ती म्हणाली. "पण तुझी शीळ घोटून का होत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझं रडणं मला सोसवत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. आणि त्यालाच मी माया समजत होते."

मग तिने थोरलीला मानगुटीला धरले आणि डोहात नेले. पाणी लागताच थोरली थरथरली, रडली. आईचेही डोळे भरून आले. तिने पकड सोडली, पण ती तिला काठाकडे परत घेऊन गेली नाही.

तात्पर्य : आवडत्या विद्येआड लपून नावडती विद्या टाळू नये; तिची उणीव पुष्कळदा आपल्या जिवलगाला सोसावी लागते.