कोंड्याचं काडतूस

"नेम चुकतोय तो काडतुसांमुळं!" राजेसाहेबांनी सहाबारी पिस्तूल मेजावर आपटलं. "माझा हात चुकतो असं जो कुणी म्हणेल, त्यानं आजच्या आज वेस ओलांडायची!"

मोरखिंड संस्थानच्या चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर सगळे आपापल्या जोड्यांकडं बघत उभे राहिले.

दसरा चार दिवसांवर आला होता. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की राजेसाहेब आणि त्यांचे मेहुणे यांची पिस्तुलाची पैज लागायची. सलग तीन वर्षं मेहुणे जिंकले होते. जिंकले ते जिंकले, वर मिशीतल्या मिशीत हसायचे. राजेसाहेबांना ते हसणं फार लागायचं. म्हणून यंदा त्यांनी व्यापारी मखमलशेटकडून भारी विलायती काडतुसं मागवली. ती निशाणाच्या खाली गेली. मग मुंबईची आणली, तीही खाली गेली. शेवटी घरची घेतली, येसू ओतारणीनं भरलेली. तीसुद्धा खालीच!

ही येसू त्याच मैदानावर पोट भरायची. निशाणामागं मातीचा मोठा बांध होता. रोज संध्याकाळी ती त्या बांधाची माती चाळायची, शिसं वेचायची, उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायची. शिसं वितळवून नव्या गोळ्या ओतायची आणि पुंगळ्या पुन्हा भरून शिपायांच्या सरावाला द्यायची. सासऱ्यापासून चालत आलेला हक्क होता तो.

राजेसाहेबांनी तिलाच पुढं बोलावलं.

"येसू, मला काडतूस पाहिजे. स्वस्त पाहिजे, भरवशाचं पाहिजे आणि नेम म्हणून चुकायचा नाही असं पाहिजे. परवा सकाळी आण. नाही जमलं, तर बांधाचा हक्क मखमलशेटला!"

मखमलशेट हात चोळत म्हणाला, "सरकार, स्वस्त आणि भरवशाचं? अहो, म्हैस बकरीच्या भावात मिळते का कुठं?"

"शेट, म्हशीचं राहू द्या," येसू म्हणाली. "तुम्ही परवा लवकर या म्हणजे झालं."

सगळे गेल्यावर हवालदार इभ्राम तिच्यामागं बांधापाशी आले. म्हातारा माणूस, जीव हळवा. "येसूबाई, काय हो हे कबूल केलंत? न चुकणारं काडतूस देवाच्या घरी तरी असेल का?"

येसूनं चाळणी हलवली. "हवालदार, तुम्ही काल कुठल्या पेटीतली काडतुसं उडवलीत?"

"सरकारांच्याच. विलायती."

"तुमचं शिसं मला हितं घावलं, निशाणाच्या बरोबर मागं. सरकारांचं मात्र त्या खालच्या खड्ड्यात. विलायती तिथंच, मुंबईचं तिथंच, माझंही तिथंच. तीन गावची काडतुसं एका खड्ड्यात कशी हो उतरतात?"

हवालदारांनी डोळे मोठे केले. "म्हणजे सरकारांचा हा..."

"गप बसा! वेस लांब नाही!"

तिसऱ्या दिवशी सकाळी येसू पदराखाली डबी घेऊन आली. डबीत सहा काडतुसं. बाहेरून सगळी एकसारखी.

"यातलं तुझं ते कुठलं?" राजेसाहेबांनी विचारलं.

"ते तुम्हांला ठाऊक नसलं तरच चालतं, सरकार. हवालदार भरतील. तुम्ही फक्त नेहमीसारखा चाप ओढा."

हवालदारांनी पिस्तूल भरून दिलं. राजेसाहेबांनी हात ताठ केला, एक डोळा मिटला. ढाम! माती खालून उडाली. ढाम! पुन्हा खालूनच. मखमलशेट खुशीत खाकरला. राजेसाहेबांनी दात आवळून तिसऱ्यांदा चाप ओढला.

टक्!

बार झालाच नाही. पण बार होणार या धसक्यानं पिस्तुलाची नळी मात्र चाप ओढतानाच गपकन खाली गेली, चिमणीनं दाण्याला चोच मारावी तशी! सगळ्या मैदानानं ते पाहिलं. राजेसाहेबांनीही पाहिलं. पिस्तूल तसंच जमिनीकडं बघत राहिलं.

"फुसकं! फुसकं!" मखमलशेट ओरडला. "सरकार, हिनं फुसकं काडतूस दिलं!"

"फुसकं नाही, सरकार, कोंड्याचं आहे," येसू म्हणाली. "आत दारू नाही, भाताचा कोंडा आहे. याहून स्वस्त काय असायचं? आणि भरवशाचं म्हणाल, तर दारूच्या काडतुसाचा मोठा आवाज होतो आणि त्या आवाजात सगळं झाकून जातं. हे बिचारं काही झाकत नाही."

"आणि न चुकणारा नेम?"

"जिथं लागायला पाहिजे होतं, तिथंच लागलं की!"

राजेसाहेब आपल्या मनगटाकडं बघत राहिले. हळूच म्हणाले, "म्हणजे इतके दिवस माझाच हात चुकत..."

"सरकार!" येसूनं तोंडावर पदर धरला. "असं म्हणणाऱ्याला आजच्या आज वेस ओलांडावी लागते!"

राजेसाहेबांनी एकदा वेशीकडं बघितलं, एकदा येसूकडं, आणि मग असे हसले, असे हसले, की त्यांचा फेटा सुटून खांद्यावर आला. "हवालदार, माझं गाठोडं बांधा रे! आणि वाटेत सरावाला हिची कोंड्याची काडतुसं घाला, पोतंभर!"

हसू आवरल्यावर त्यांनी बांधाचा हक्क येसूच्या लेकीसुनांपर्यंत लिहून द्यायला सांगितला. संस्थानची सगळी काडतुसं आता तिच्याच भट्टीवर भरायची, असंही ठरलं. मखमलशेट आपली विलायती पेटी उचलून केव्हाच वाटेला लागला होता. मग राजेसाहेबांनी उजव्या मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि येसूच्या हातावर ठेवलं.

"घे बाई. हात जड झाला होता तो यानंच, असं मेहुण्यांना सांगायला तरी बरं!"