वैशाखातला हीटर

“झाकण काढू का, बुवा?”

बुवा वाफेकडे बघत राहिले.

बॉनेट उघडं होतं. रेडिएटर फुसफुसत होता. रंगनाथने उजव्या हाताला टॉवेल गुंडाळला होता.

“विचारतोय मी. काढू का?”

बुवांनी खांद्यावरचं भगवं उपरणं काढलं. घडी केली. रेडिएटरच्या झाकणावर ठेवलं. मग जाऊन रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले.

रंगनाथचा हात तसाच राहिला. गुरूचं उपरणं उचलून बाजूला टाकणं त्याच्याने होणार नव्हतं.

अर्धा घाट चढून झाला होता. वैशाखातली दुपार. गाडीत आम्ही तिघे होतो. भारतीबुवा आमच्या मठाचे. भगवे घालण्याआधी त्यांनी याच घाटातून मालट्रक चालवला होता. रंगनाथ डुंबरे त्यांचा शिष्य, गावचा माजी सरपंच. मी मठात पाणी भरायचो. पाण्याचा कॅन घेऊन मागे बसलो होतो.

“बस,” बुवा म्हणाले.

“बसायला वेळ कुठंय?”

“वेळ गाडीला लागतोय. तुला नाही.”

रंगनाथ बसला नाही. गाडीभोवती फेऱ्या मारायला लागला.

त्याला घाई होती, ती खरीच होती. घाटापलीकडे तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर त्याची पोरगी थांबली होती. कांचन. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं, दुसऱ्या जातीत. रंगनाथने तिला घराचं दार बंद केलं होतं. आता तिला मुलगी झाली होती. बायको रोज रडायची. शेवटी रंगनाथ एवढंच म्हणाला होता, येऊ दे.

कांचनने फोन केला तो बुवांना. बापाला नाही.

“अण्णा स्वतः न्यायला येणार असतील आणि तुम्ही सोबत असाल, तरच येते,” ती म्हणाली होती. “परतीची एस.टी. सुटेपर्यंत स्टँडवर थांबेन. नंतर नाही. आणि मग पुन्हा कधीच नाही.”

घाटात फोनला रेंज नव्हती. रंगनाथने फोन वर धरून पाहिला. कठड्यावर चढून पाहिला. मग खिशात कोंबला.

खालून एक पिकअप आला. टोमॅटोचे क्रेट भरलेला. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि मान बाहेर काढली.

“काय सरपंच! भाकरी भाजताय का बॉनेटवर?”

“चल निघ! तुझ्या बापाचा रस्ता आहे का?”

“बापाचा नाही, सरकारचा आहे,” असं म्हणून तो हसत पुढे गेला.

रंगनाथने रस्त्यावरचा दगड उचलला. पिकअप वळणाआड गेला होता. दगड हातातच राहिला.

“त्याला थांबवलं असतंस,” बुवा म्हणाले, “तर त्याने आपल्याला स्टँडवर सोडलं असतं.”

रंगनाथने दगड दरीत टाकला. पडल्याचा आवाज आला नाही.

“आता उघडतो, बुवा. झाला असेल गार.”

“वरचा रबरी पाइप फडक्याने दाबून बघ.”

त्याने दाबून पाहिला.

“कसा आहे?”

“टणक.”

“मग आत अजून जोर आहे.”

“थोडं सैल करून बघतो…”

“टणक असताना उघडलं तर काय होतं?”

“उकळतं पाणी तोंडावर येतं.”

“कुणाच्या?”

“उघडणाऱ्याच्या.”

बुवांनी मान हलवली.

रंगनाथ त्यांच्यापासून जरा अंतरावर बसला. बसला एकदाचा.

“आतलं पाणी कधी बघितलं होतंस?” बुवांनी विचारलं.

“गाडी रोज धुतो मी. काच अशी चमकते की…”

“धुतोस ते मठातून दिसतं. पाणी कधी बघितलंस?”

रंगनाथने हातातला टॉवेल झटकला.

“पंख्याचा पट्टा?”

त्याने टॉवेल पुन्हा हाताला गुंडाळला.

“सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट कधी उघडलंस?”

“एवढी चांगली गाडी घेतली बुवा, ती काय रोज उघडून बघायला?”

“मग कशाला?”

रंगनाथची नजर गाडीच्या तोंडाकडे गेली. बुवांचीही गेली.

गाडीच्या पुढच्या जाळीवर पितळी पाटी होती. परातीएवढी. रंगनाथने ती आदल्या दिवशीच बसवून घेतली होती आणि चिंचेने घासून लखलखीत केली होती. वर ‘रंगनाथराव डुंबरे’, खाली ‘माजी सरपंच’. पाटीच्या दोन्ही अंगांना झेंडूच्या जाड माळा. जाळीचं एक भोक उघडं नव्हतं.

“हे कशाला?” बुवा म्हणाले.

“स्टँडवर लोक असतात. कुणाची गाडी पोरीला न्यायला आलीय ते कळायला नको?”

“तिला गाडी ओळखू येणार नाही का?”

“तिला येईल हो. लोकांना…”

“पंखा जाळीतून वारा ओढतो. तू वाऱ्याच्या वाटेत नाव लावलंस.”

रंगनाथ उठला. गाडीसमोर उभा राहिला. पाटीकडे पाहत राहिला. मग आधी माळा तोडल्या.

“पाना दे,” मला म्हणाला.

मी दिला. चार बोल्ट होते. तीन निघाले. चौथा फिरेना. पितळ एवढं तापलं होतं की धरवेना. त्याने टॉवेल लावून जोर केला, बोटाचं साल निघालं, बोल्ट निघाला. पाटी त्याने डिकीत ठेवली. अक्षरं खाली करून.

तोवर पाइप मऊ झाला होता. त्याने स्वतःच दाबून पाहिला. मग बुवांकडे पाहिलं.

बुवा उठले. झाकणावरचं उपरणं उचललं आणि खांद्यावर टाकलं.

“आता काढ. तोंड बाजूला ठेव. अर्धा वेढा फिरव आणि थांब.”

झाकणाखालून सुस्कारा आला. लांब. मग थांबला. आत पाणी दिसत नव्हतं, इतकं खाली गेलं होतं. मी कॅन पुढे केला. रंगनाथने तो उपडा करायला घेतला.

“थांब. गाडी चालू कर. चालू गाडीत घाल, थोडं थोडं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी एकदम ओतलंस तर तडकेल.”

“असं पेलाभर पेलाभर किती वेळ घालू?”

“जेवढं ते घेईल तेवढं.”

कॅन संपत आला तेव्हा पाणी तोंडाशी दिसलं. मी झाकण लावलं. नीट बसलंय का ते दोनदा पाहिलं. बुवांनी पंख्याच्या पट्ट्याकडे वाकून पाहिलं. पट्टा धड होता. आम्ही निघालो.

पुढे घाटाचा उभा चढ होता.

दुसऱ्या वळणावर रंगनाथ म्हणाला, “काटा चढतोय.”

खरंच चढत होता. लाल रेघेपासून बोटभर खाली.

“एसी?”

“बंद आहे.”

“खालच्या गिअरमध्ये घे. रेटू नको.”

घेतला. काटा थांबला, पण उतरेना. परत थांबलो असतो तर एस.टी. गेली असती. रंगनाथच्या कपाळाची शीर उडत होती.

“हीटर लाव,” बुवा म्हणाले.

रंगनाथला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“काय लावू?”

“हीटर. पूर्ण लालवर. पंखा पूर्ण. खिडक्या उघड.”

“बुवा, वैशाख आहे! भट्टी होईल आत.”

“होईल.”

“आपण तिघे शिजून निघू.”

“लाव.”

रंगनाथने बटण लालवर फिरवलं. पायापासून तोंडापर्यंत गरम झोत आला. माझे डोळे झोंबले. उघड्या खिडकीतून येणारं वारंही गरमच होतं.

“इंजिनाला सोसत नाहीये,” बुवा म्हणाले. “थोडं आपण घेऊ.”

पुढच्या वळणाला काटा हलला. खाली.

रंगनाथने काट्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. तो घामाने निथळत होता. सदरा पाठीला चिकटला होता. खिंड ओलांडली तेव्हा काटा मधोमध आला होता.

“उतरला, बुवा,” तो म्हणाला. लहान पोरासारखा आवाज झाला होता त्याचा.

बुवांनी डोळे मिटले होते.

स्टँडवर पोचलो तेव्हा परतीची एस.टी. लागलेली होती. इंजिन चालू. कंडक्टर दारात. कांचनचा एक पाय पायरीवर, कडेवर पोर, दुसऱ्या हातात बॅग.

रंगनाथने हॉर्न वाजवला नाही. हाक मारली नाही. गाडी मधेच उभी केली आणि पळत गेला. साठीचा माणूस, एक चप्पल सुटली ती तिथेच राहिली.

काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. कांचनने पाय पायरीवरून खाली घेतला. कंडक्टरने डबल बेल दिली. एस.टी. गेली.

ती गाडीपाशी आली. बुवांच्या पाया पडली. पोरीला त्यांच्या पायाशी टेकवलं. बापाकडे पाहिलं नाही. रंगनाथने बॅग ठेवायला डिकी उघडली.

“ही कसली पाटी?” तिने विचारलं.

“गाडी तापत होती तिच्यामुळे,” रंगनाथ म्हणाला आणि बॅग वर ठेवली.

तोवर बुवा पुढे आपल्या जागेवर जाऊन बसले होते. ते जरा पुढे वाकले, मग मागे टेकले. मी वाटेत राहिलेली चप्पल आणली. कांचन माझ्या शेजारी बसली. आम्ही परत निघालो. खिडक्या उघड्याच होत्या.

खिंड ओलांडून उतार लागला.

“अण्णा.”

“हं.”

“माझी ओटी सासूने भरली. माहेरचं कोण आलंय, असं सगळ्या बायका विचारत होत्या. मी सांगितलं, रस्ता खराब आहे.”

रंगनाथचे कान लाल झाले. त्याने मान वळवायला घेतली. मधेच त्याची नजर काट्यावर गेली. काटा मधोमध होता. रंगनाथ पुढे बघत राहिला.

“आई चोरून फोन करायची. तुम्ही तिचा फोन काढून घेतलात. दवाखान्यात मला कळा येत होत्या आणि मी तो नंबर लावत होते. बंद. बंद. बंद.”

रंगनाथच्या कपाळावरून घाम ओघळला. हनुवटीवरून टपकला. त्याने पुसला नाही.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मग बोला काहीतरी! नेहमी ओरडता ना? ओरडा आता.”

या माणसाने ग्रामसभेत टेबल उलटवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

गाडी वळण घेत होती. आमची गाडी तापली होती ते वळण. कठड्याशी माळेचा एक तुकडा पडला होता.

“तू बोल,” रंगनाथ म्हणाला. “अजून असेल ते सगळं बोल. मी गाडी चालवतोय.”

ती बोलली. बराच वेळ बोलली. काही मला ऐकवलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग ती रडली. मग नाक पुसलं.

घाट उतरला. सावल्या लांब झाल्या होत्या.

“पोरीला वारं लागतंय का?” रंगनाथने विचारलं. “काच लावू?”

“राहू दे. झोपलीय ती.”

“आईने काय केलंय?” कांचनने विचारलं.

“आमटी. आणि तुझ्यासाठी गव्हाची खीर. पहाटेपासून चुलीशी आहे. मला आत येऊ देत नव्हती.”

“बरं केलं.”

ती हसली. एवढंसं. रंगनाथने आरशात पाहिलं. त्याचा खांदा खाली आला. सकाळपासून वर ओढलेला होता तो. मठाचा कळस झाडांवरून दिसायला लागला होता.

त्याने बाहीने तोंड पुसलं. सदरा पिळून काढावा इतका भिजला होता.

“बुवा, काटा जागेवर आहे. आता तरी हीटर बंद करू का?” असं म्हणत त्याने बटणाकडे हात नेला.

हात तिथेच थांबला. बटण निळ्यावर होतं.

“तो मी स्टँडवरच बंद केला होता,” बुवा म्हणाले.