दुमडलेलं पान

"मग त्या 'ऑलरेडी'ला बसवायचं तरी कुठे, बुवा? 'हॅव'च्या आधी की नंतर?"

भार्गवबुवा भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढत होते. मठात येऊन राहण्याआधी त्यांनी उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली होती.

"नियम पाठ आहे ना तुला?"

"एकूण एक पाठ आहेत!" हेरंब ताठ झाला. "मागे तुमचीसुद्धा चूक काढली होती मी."

"काढली होतीस खरी... आणि मुलाखतीत काय झालं?"

हेरंबची मान खाली गेली. दोनदा मुलाखत दिली, दोन्ही वेळा तोंडाला कुलूप! कुठला शब्द आधी, कुठला मागून, हे मनात जुळेपर्यंत साहेब पुढच्या उमेदवाराला हाक मारून मोकळे. उद्या तिसरी मुलाखत. हीही गेली तर मास्तरकीचा नाद सोडून मामाच्या पिठाच्या गिरणीत बसायचं, असं घरी ठरलं होतं.

"उद्याचं उद्या," बुवा म्हणाले. "आज भात वाढायला घे."

बाहेर केरळातले पाहुणे पंगतीला बसले होते. त्यांना ना मराठी येत होती, ना हिंदी. बोलायचं तर इंग्रजीतच. आणि मठाची शिस्त अशी, की विचारल्याशिवाय कुणाच्या पानात शीतही टाकायचं नाही.

पहिल्याच पानाशी एक म्हातारबाबा होते. पहिला भात केव्हाच संपवून पातेल्याकडे बघत होते बिचारे.

हेरंब वाकला. विचारायचं एवढंच, की तुमचा भात झाला का, आणखी वाढू का? पण 'ऑलरेडी' आधी घेतला तर 'हॅव' लटकतो, मागे टाकला तर कानाला बरा लागत नाही, आणि 'स्टिल' आणावा तर...

म्हातारबाबा थांबले. हसले. आणखी थांबले...

मग त्यांनी हळूच केळीचं पान दुमडलं. त्यांच्याकडे पान दुमडलं की जेवण संपलं.

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्यापायी माणूस अर्धपोटी उठणार होता!

बुवा पुढे आले. खाली बसले. आणि त्यांनी ते उष्टं पान आपल्या हातांनी उलगडलं.

वाढपी जागच्या जागी थबकले. दुमडलेलं पान कुणी उलगडतं का?

"विचार," बुवा म्हणाले.

"पण बुवा, वाक्य अजून..."

"विचार!"

हेरंबने डोळे मिटले. "यू राइस ऑलरेडी... मोअर... टेक नाऊ, प्लीज!"

"यस! यस!" म्हातारबाबांचा चेहरा खुलला. "अँड सांबार, माय सन!"

हेरंबने भात वाढला, सांबार वाढलं. म्हातारबाबा असे जेवले, की बघणाऱ्याला भूक लागावी. हेरंबला हसू आवरेना. पण जित्याची खोड! वाढून सरळ होता होता तो बुवांच्या कानाशी लागलाच.

"सगळं चुकलं हो, बुवा. 'ऑलरेडी' तर भलत्याच जागी पडला."

बुवांनी पातेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

"पडू दे... पुढच्या पानाशी चल. पंगत मोठी आहे."