टिकलीची हाक

फार पूर्वी एका माळावर मेंढपाळांचा तळ पडला होता. तिथे एक मेंढपाळ आणि त्याची आईविना लेक राहायची. पोर मोठी गोड, पण बोलताना अडखळायची. शब्द तिच्या ओठांशी थबकायचा, दोन-तीनदा आतून धडका द्यायचा आणि मग कुठे बाहेर यायचा.

तळाची एक रीत होती. दिवस कलला की ज्याने त्याने आपापल्या मेंढरांना नावाने हाक मारून कुंपणात घ्यायचं. लेकीने बोटाने दूध चाटवून वाढवलेलं एक कोकरू होतं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. ती उभी राहून हाक मारायची, "टि... टि... टिकली!" आणि कोकरू उड्या मारत येऊन तिच्या कुशीत डोकं खुपसायचं. त्याला त्या हाकेत काही खटकत नव्हतं. खटकायचं ते माणसांना.

"अरं, हिची हाक संपंस्तोवर कोकरू म्हातारं हुईल!" शेजारचे मेंढपाळ खो खो हसायचे.

बापाला ते फार झोंबायचं. चिडायला हवं होतं हसणाऱ्यांवर, पण तो चिडला लेकीवर. "नीट बोलाया येईस्तोवर त्वांड उघडू नगंस. तुझी हाक मी मारीन."

पोरीची थट्टा टळली, असं त्या भल्या माणसाला वाटलं. पोर मात्र गप्प झाली. आधी हाका थांबल्या, मग गप्पा, मग हसूही. टिकली सदा तिच्या पायांत घोटाळायची, म्हणून हाकेवाचून काही अडत नव्हतं.

एका संध्याकाळी टिकली चरता चरता लांब टेकडीच्या उतारावर मागे राहिली. तेवढ्यात वरच्या झुडपांतून लांडगा उतरताना दिसला. "टिकली! टिकली!" बापाने माळ दणाणून सोडला. कोकराने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, पण ते जागचं हललं नाही. ही हाक त्याच्या ओळखीचीच नव्हती.

"पोरी, तू मार हाक! कशीबी मार!" बाप रडकुंडीला आला.

पोरीने तोंड उघडलं. मग बापाकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि शब्द आत तसाच राहिला. बाप काठी घेऊन धावला, पण अंतर फार होतं.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात टिकलीच्या गळ्यातली घंटी तेवढी होती. ती लेकीच्या ओंजळीत ठेवून तो ढसाढसा रडला. पुढे रोज तो तिच्याशेजारी नुसता बसू लागला. बोल म्हणून एकदाही म्हणाला नाही.

बऱ्याच दिवसांनी एका सांजेला पोरीचे ओठ हलले. "बा... बा... बाबा, मी... मी..." शब्द अडला. पुढचा शब्द बापाच्या जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. शेजारचा एकजण हसू लागताच बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने निघून गेला. मग बाप पुन्हा लेकीकडे वळला आणि थांबून राहिला.

"मी मा... मारली असती हाक. तू... तूच नगं म्हनलास."

"व्हय गं, माझ्या बाय," बाप म्हणाला. "माझंच चुकलं. आता तू बोल, मी ऐकतो."

पोर त्या सांजेला पुष्कळ बोलली, अडखळत, थांबत थांबत. सगळं टिकलीविषयीच होतं.

तात्पर्य: लेकराचा शब्द अडखळला तर तो पुरा होईपर्यंत थांबावं. अडखळत मारलेली हाक पोचते, आपण दाबून टाकलेली कुणापर्यंतच पोचत नाही.