गव्हाणीतली काडी

“मग तुम्हीच सांगा फादर, विश्वास ठेवायचा तरी कोणावर?”

कैतान तुस्कानोने हे विचारलं आणि विचारता विचारताच पडवीतली एकुलती एक धड खुर्ची ओढून तिच्यावर बैठक मारली.

फादर इजिदोर बाकावर सरकून बसले. मांडीवरच्या ताटलीत वालाच्या शेंगा होत्या, त्या ते सोलत होते. सेवानिवृत्त झाल्यापासून ते चॅपलच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. धर्मग्रामाच्या चर्चमधल्या मोठ्या फादरांना जे सांगायची लाज वाटे, ते लोक इथे येऊन सांगत.

“काय गेलं चोरीला?” फादरांनी विचारलं.

“पेंढा.”

“घरात गाय आहे?”

“थट्टा नको फादर. गव्हाणीतला पेंढा. आमच्या ओटीवरच्या गोठ्यातला. ऐन आगमनकाळात!”

फादरांनी एक शेंग मोडली.

आता कैतान कोण, हे वसईत कोणाला सांगावं लागत नसे. सुकेळीचा व्यापारी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, केळीच्याच वाळक्या सोपटात बांधायची आणि मुंबईला पाठवायची. शाळा चौथीत सुटली, पण माल पाहायची नजर अशी की जुने दलालही त्याच्यासमोर तोंड सांभाळून बोलत. एकाने एकदा करंडीत वरचा थर सोन्यासारखा लावला आणि खाली काळी पडलेली फळं दडपली. कैतानने वरच्या थराकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपरापर्यंत हात आत घातला, तळातलं एक केळं काढलं आणि त्या दलालाला म्हणाला, “हे आधी तू खा.” हा किस्सा तो स्वतःच सगळीकडे सांगे. फादरांनीही तो ऐकला होता. एकदा नाही.

“मी वरचं बघून फसणारा माणूस नव्हे,” कैतान म्हणाला. “पण घरातच कोणी हात मारायला लागलं, तर माणसानं करायचं काय?”

“पहिल्यापासून सांग.”

त्या घराची एक रीत होती, कैतानच्या आजोबांपासूनची. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, लागला की ओटीवर गोठा मांडायचा. मेंढरं, मेंढपाळ, मारिया, योसेफ, सगळे आपापल्या जागी. गव्हाण मात्र रिकामी. दिवसभरात कोणाच्या हातून काही चांगलं घडलं असेल, तर त्याने संध्याकाळी रोजरीच्या, जपमाळेच्या प्रार्थनेच्या, आधी पेंढ्याची एक काडी त्या गव्हाणीत टाकायची. मुकाट्याने. कशाबद्दल, ते ना त्याने सांगायचं, ना दुसऱ्याने विचारायचं. अशी काडी काडी जमून गादी होई आणि नाताळच्या रात्री बाळ येशूला तिच्यावर निजवत.

कैतानने त्यात सुधारणा केली.

“आजोबा साधे होते,” तो म्हणाला. “अहो, काडी कशाबद्दल पडली तेच कळलं नाही, तर घरात चांगलं काय चाललंय हे घरच्या कर्त्याला कळणार कसं? मी नियम केला. काडी टाकायची ती मोठ्यानं बोलून टाकायची.”

“बोलतात?”

“मी बोलतो.”

“आणि रेजिना?” फादरांनी त्याच्या बायकोचं विचारलं.

“तिचं काय… तिची रोज एकच काडी. ‘आज मी उलट बोलले नाही.’”

“रोज?”

“रोज,” कैतान म्हणाला. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही.

फादरांनी एक किडका दाणा निवडून बाजूला ठेवला.

“आमच्या सूनबाई मात्र मुक्या,” कैतान पुढे म्हणाला. “सेलिन. कोळीवाड्यातली. काडी नाही की शब्द नाही. इकडे मी रोज संध्याकाळी काड्या टाकतोय. कामावरच्या आजारी बाईला घोंगडी दिली, काडी. चॅपलला मेणबत्त्या पोचवल्या, काडी. भांडखोर शेजाऱ्याला आधी ‘जय ख्रिस्त’ घातला, काडी. आणि सकाळी बघावं तर गव्हाण साफ! रोज! दुसऱ्या रविवारी मी म्हटलं, आता पुरे.”

“काय केलंस?”

“रोजरीला शेजारपाजारची माणसं होती. सगळ्यांसमोर बोललो. ज्यांना काडी टाकायची दानत नाही, तीच माणसं दुसऱ्याच्या काड्या चोरतात.”

“नाव घेतलंस?”

“नाव कशाला घ्यायला हवं? तिच्याकडे बघून बोललो.”

“मग?”

कैतान खुर्चीत पुढे सरकला.

“उठली ती. मला वाटलं रडेल, पाया पडेल. पेंढ्यातली एक काडी उचलली आणि गव्हाणीत टाकली. मी विचारलं, ‘आता ही कशाबद्दल?’ …बोलली नाही. आत गेली, पिशवी भरली आणि निघाली. आमचा मेल्विन तिच्या मागोमाग. बापाकडे वळून बघितलंही नाही त्यानं.”

चॅपलच्या पत्र्यावरून एक कावळा टकटक चालत गेला. 

“आई कशी आहे?” फादरांनी विचारलं.

कैतानची आई अंथरुणाला खिळलेली होती.

“पेज घेत नाही,” कैतान म्हणाला. या वेळी त्याचा आवाज खाली आला. “सेलिन भरवायची. आता रेजिनानं चमचा नेला की दात आवळते. मी नेला की तोंड भिंतीकडे करते. डॉक्टर म्हणतात, असं चाललं तर नाताळ बघायची नाही.”

“मग सेलिनला घेऊन ये.”

“निरोप धाडला ना! म्हटलं, झालं ते मी विसरलो, मोठ्या मनानं माफ केलं, ये आणि आईला पेज भरव. त्याची काडीही टाकली मी.”

“कशाची?”

“माफ केल्याची.”

फादरांचे हात थांबले.

“कैतान, ती गेल्यावर पेंढा चोरीला जायचा थांबला?”

“नाही. तोच तर घोळ आहे! अजून जातो.”

“म्हणजे तिनं घेतला नव्हता.”

“…बहुतेक नसावा.”

“बहुतेक?”

“नव्हता घेतला. बरं?”

“मग माफ काय केलंस?”

कैतानने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि पुन्हा खिशात ठेवला. घाम आलेला नव्हता.

“मेल्विनचा उलटा निरोप आला,” तो म्हणाला. “म्हणे, ‘डॅडी, ती येईल. जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर मागे घ्या.’ त्याच शेजाऱ्यांसमोर! माझी काय किंमत राहील फादर? म्हणून म्हणतो, खरा चोर सापडू दे. मग मी ताठ मानेनं सांगेन की मला फसवलं गेलं. तुम्ही आज संध्याकाळी घरी या. तुमच्या तोंडावर कोणी खोटं बोलणार नाही. एकेकाला समोर बसवा आणि विचारा.”

“एकेकाला…” फादर म्हणाले. “घरात आता कोण कोण आहे?”

“मी. आई. आणि…”

वाक्य तिथेच राहिलं.

“आई उठत नाही,” फादर म्हणाले.

“नाही.”

“तू काढत नाहीस.”

“मी कशाला काढीन?”

फादरांनी ताटली खाली ठेवली. गुडघ्यावर हात रेटून उठले, आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक पुडकं घेऊन आले. ते त्यांनी बाकावर, शेंगांच्या सालांशेजारी ठेवलं.

वाळक्या सोपटात बांधलेलं पुडकं. दोन वेढे, वर आडवी गाठ, आणि गाठीचं टोक आत खोचलेलं.

सगळ्या बाजारात ती गाठ एकाच घरची होती. कैतानने ती आपल्या बायकोला लग्नाच्या वर्षी शिकवली होती. त्या गाठीवरून दुकानदार डोळे मिटून माल घेत.

त्याने पुडकं सोडलं नाही. एका बाजूने दाबलं. आत पेंढा करकरला.

“रेजिना…” तो म्हणाला.

“रोज पहाटे चॅपलात मिस्साला येताना पदराखाली घेऊन येते. पुडक्यात भरते, पुन्हा बांधते.”

“काय म्हणते?”

“पहिल्या दिवशी बोलली, तेवढंच. ‘फादर, एवढ्या जाड गादीवर बाळाला निजवायची मला लाज वाटते. तुमच्याकडे राहू द्या. जाळू नका. पुढे कधी खऱ्या झाल्या तर परत नेईन.’”

“माझ्या काड्या!”

“तिच्याही आहेत त्यात. उलट न बोलल्याच्या. सगळ्या.”

कैतान उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला.

“सुनेवर आळ आला आणि ही बाई गप्प? माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली होती हो, रोजरीची माळ हातात धरून! तोंड उघडलं नाही!”

“नाही उघडलं.”

“का?”

“तुझी भीती वाटते तिला.”

“घरात एवढं सगळं दिलंय मी. भीती कसली?”

“मलाही वाटते,” फादर म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं. डोक्यावरचे पत्रे कैतानने घालून दिले होते. तसं कोरलेली संगमरवरी पाटी दाराशीच होती. “हे पुडकं इतके दिवस माझ्याकडे आहे. तुला बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं. सेलिन गेल्याचं मला आज तुझ्या तोंडून कळतंय, पण मी आधी बोललो असतो, तर ती गेली नसती. छप्पर चांगलं आहे, कैतान… गळत नाही.”

कैतानने वर पत्र्यांकडे पाहिलं. देणगीबद्दल लोक आभार मानत, हे त्याला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं.

“गव्हाण अगदी साफ असते?” फादरांनी विचारलं.

“साफच. एक काडी तेवढी राहते.”

“रोज नवी?”

“नाही. तीच. मधे वाकलेली, तळाशी आडवी पडलेली. ती कोणी काढत नाही. ती…”



करंडीच्या तळात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस तो. गेले कितीतरी दिवस ती काडी रोज सकाळी पाहत होता. सेलिनने ती टाकण्याआधी मूठ घट्ट आवळली होती. काडी बोटांत वाकली होती. त्याला ते आत्ता दिसलं.

आणि दुसरंही दिसलं. घरात सगळ्यांच्या आधी उठे ती सेलिन. आईच्या पेजेसाठी चूल पेटवायला. चुलीकडे जायची वाट ओटीवरून, गोठ्यासमोरून. रेजिनाची पहाटेची मिस्साची वेळही तीच.

“फादर… तिनं पाहिलं होतं. सासूला काड्या काढताना तिनं पाहिलं होतं!”

फादर सालं गोळा करत होते.

“माहीत होतं तिला चोर कोण ते. दोन शब्द बोलली असती तर सुटली असती. मी तिच्यावर, भर रोजरीत… आणि तिनं सासूचं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं?”

“तूच विचारलं होतंस ना तिला,” फादर म्हणाले. “ही कशाबद्दल, म्हणून.”

…

पडवीवरचं ऊन बाकाच्या पायाशी आलं. रस्त्यावरून कोणीतरी सायकलवरून “जय ख्रिस्त, कैतानशेट!” म्हणून ओरडून गेलं. कैतानने मान वर केली नाही.

मग एकाएकी त्याच्यात जोर आला. एखादा अडलेला सौदा जुळावा, तसा चेहरा उजळला.

“मी जातो कोळीवाड्यात. आत्ताच जातो. संध्याकाळी त्याच शेजाऱ्यांना बोलावतो. त्यांच्यासमोर सांगतो, माझी चूक झाली. सेलिनला म्हणतो, बाई, तू घरात ये, आई उपाशी आहे. किंमत राहो नाहीतर जावो!”

“जा.”

“रेजिनालाही काही बोलणार नाही. एक अक्षर नाही.”

“जा, कैतान.”

तो पायरी उतरला. दोन पावलांवर थांबला, मागे वळला. बाकावरच्या पुडक्याची गाठ त्याने बोटाच्या एका झटक्यात सोडली. सोपट उलगडलं. पेंढ्यातली एक चांगली लांब, पिवळीधमक काडी निवडली, फुंकर मारून धूळ उडवली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात उभी खोचली.

फादर पाहत होते.

“ती कशाला?”

“संध्याकाळी लागेल ना,” कैतान म्हणाला. “सुनेला परत आणल्याची.”

फादरांनी पुडकं आपल्याकडे ओढलं. सुटलेलं सोपट पुन्हा गुंडाळलं. ती गाठ त्यांना काही जमेना. दोनदा घातली, दोनदा सुटली. शेवटी त्यांनी पुडक्यावर नुसता हात ठेवला.

“आधी म्हातारीच्या पोटात पेज जाऊ दे,” ते म्हणाले. “आणि कैतान… हिशेब तेवढा खरा ठेव, बाबा.”