जसुमतीबेनचा नकार

"...आता त्या नाहीच म्हणतात, तर मी काय उचलून आणू त्यांना?"

निनाद घंगुर्डे हे बोलला ते अंगातला कोट न काढताच. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका इस्पितळात हृदयरुग्णांकडून व्यायाम करून घेणारा हा फिजिओथेरपिस्ट हुशार होता, आणि दुर्दैवाने ते त्यालाही ठाऊक होतं.

डॉक्टर कुमुदिनी साठ्ये खिडकीपाशी मटार सोलत बसल्या होत्या. उभा जन्म लोकांची हृदयं तपासून निवृत्त झालेल्या या बाईंनीच त्याला घडवलं होतं.

"कोण नाही म्हणतं?"

"जसुमतीबेन. झटका येऊन गेला, तेव्हापासून पलंगावरून खाली पाय ठेवायला घाबरतात. घरचे पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. अशाच पडून राहिल्या तर..."

मग एकदम उसळून म्हणाला, "मी काही कमी केलं का, बाई? गुजरातीत पत्रक छापलं. बायकांसाठी व्यायामाचा वेगळा वर्ग काढला. आपल्या लोकांना तब्येतीची किंमतच नाही!"

बाईंनी मटारांचं ताट बाजूला ठेवलं.

"चहा घेतोस?"

"नको नको, बाई. तुम्ही कशाला त्रास घेता!"

"बरं."

बाईंनी उठून फक्त स्वतःचा कप भरला आणि फुर्र करून घोट घेतला. खोलीभर आल्याचा वास सुटला. बाहेर मरणाची थंडी होती. निनादने छताकडे पाहिलं, मटारांकडे पाहिलं, शेवटी कपाकडे पाहिलं...

"बाई..."

"काय रे?"

"अर्धा कप... चालला असता."

"नको म्हणालास ना?"

"अहो, नको म्हणजे काय नकोच का! एकदा म्हणावंच लागतं. मला वाटलं, तुम्ही आग्रह कराल."

बाईंनी आणखी एक घोट घेतला.

"जसुमतीबेनना किती वेळा विचारलंस?"

निनादने कपावरची नजर काढली.

"एकदा... फोनवर."

"काय म्हणाल्या?"

"'ना भाई, तमे शुं काम तकलीफ लो छो?' म्हणजे... तुम्ही कशाला त्रास घेता!"

आणि तो स्वतःच खो खो हसत सुटला. बाईंनी दुसरा कप भरून त्याच्या हातात दिला. तोंड भाजलं तरी त्याने तो घाईघाईने संपवला आणि निघाला.

काही दिवसांनी तो आला तो धापा टाकतच.

"आल्या, बाई! घरी गेलो, ना म्हणाल्या. बसून राहिलो, पुन्हा ना म्हणाल्या. सुनेने गाठिया आणले, ते खाल्ले. मग हळूच म्हणतात, एकटी कशी येऊ? म्हटलं, सगळ्या या! आज वर्गात गरब्याचं गाणं लावलं. आधी खुर्चीतच टाळ्या वाजवत होत्या, मग उठल्या. बाई, त्या चालल्या! हसत हसत चालल्या!"

त्याचे डोळे भरून आले होते. बाईंचेही.

मग त्याने डोकं खाजवलं.

"पण एक घोळ झालाय. सून आली, नणंद आली, शेजारणीही आल्या. सगळ्या फेर धरून नाचल्या आणि आता हटायला तयार नाहीत. वर्ग हृदयरुग्णांचा आहे हो. या बाकीच्यांना कोणत्या कारणाने घेऊ?"

बाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"का रे... त्यांना हृदय नाही?"