दाराच्या तीन मांजरवाटा

ही गोष्ट मी आत्ता सांगायची नाही. निदान दुपारपर्यंत तरी नाही, असा गावाचा नियम आहे आणि मला तो नीट ठाऊक आहे. पण सांगायची नाही म्हणजे तोंडानं सांगायची नाही. लिहायची नाही, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

कातळशेतात पाहुणे येतात ते आधी आमची दारं बघून हसतात. इथल्या प्रत्येक दाराला मांजरांसाठी तीन वाटा कोरलेल्या असतात. एक मधोमध, उंबऱ्यालगत, ताटाएवढी रुंद. दुसरी पार वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, आडवी फट. तिसरी खालच्या कोपऱ्यात, दोन मुठींएवढी. वाकल्याशिवाय ती दिसतच नाही. पाहुणे विचारतात, मोठ्या वाटेतून सगळीच मांजरं जातील की, मग बाकीच्या दोन कशाला? तेव्हा देवळाजवळच्या यशोदाआजी त्यांना पायरीवर बसवतात आणि सांगतात ते असं.

फार पूर्वी, म्हणे, डोंगरावरच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटांना फुलोरा आला. कळक जन्मात एकदाच फुलतो आणि मरतो. त्याचं बी खाऊन उंदीर माजतात. त्या साली उंदरांनी उभं भात फस्त केलं. गावात उरलं ते फक्त पुढच्या पेरणीचं बी. पेंढ्यात आवळून बांधलेल्या बारा मुड्या, देवीच्या देवळाशेजारच्या बियाण्याच्या खोलीत. त्या गेल्या असत्या तर गाव उठलं असतं.

त्या खोलीची किल्ली गुरवाकडे असे. म्हातारा गुरव अंथरुणाला खिळला होता, म्हणून किल्ली त्याच्या सुनेच्या, सगुणेच्या कमरेला आली. सगुणा एकोणीस-वीस वर्षांची. बोलायची कमी, बघायची जास्त.

तिच्या पडवीत एका मांजरीनं तीन पिल्लं घातली होती. एका वेताची, पण एका आईची वाटू नयेत अशी. तांबू बोका थोराड, भरलेल्या पोत्यासारखा. बसला की बसला. उंदीर अगदी पुढ्यात आला तरच पंजा उचलायचा, पण उचललेला पंजा वाया जायचा नाही. दुसरा भुऱ्या, करड्या पट्ट्यांचा, शेपटीला जन्मापासून गाठ असलेला. त्याचा पाय जमिनीला ठरत नसे. शिंक्यावर नाहीतर आढ्यावर. तिसरी काळी, अंगानं काडी, एक डोळा पिवळा आणि एक हिरवा. तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं, कारण ती कुणाला पुरती दिसलीच नव्हती. सगुणा तिला नुसतं ‘बाय’ म्हणे.

पिल्लं मोठी झाली तशी सगुणेनं तिघांना बियाण्याच्या खोलीवर नेमलं. दाराला तेव्हा मधली एकच वाट होती. आठवडाभरातच एक मुडी उंदरांनी फोडली.

गावचे मानकरी दाजी काठी टेकत आले. मागून चार माणसं.

“काय गो सगुणे, तीन-तीन मांजरं पोसतेस आणि मुडी उंदरांच्या पोटात?”

“दाजी, शिकतायत ती अजून.”

“शिकवणी लावलीस काय त्यांना?” मागची माणसं हसली. दाजींनी काठी तांबूकडे केली. “मांजर म्हणावा तर हा. याला ठेव. ते माकड आणि ती सावली, दोघांना टोपलीत घाल आणि खाडीपलीकडे सोडून दे. इथं पोरांना दूध नाही.”

सगुणा उंबऱ्यावर उभी राहिली. “रोहिणी नक्षत्र निघून पेरणी लागेपर्यंत तिघंही राहतील. अकरा मुड्या उरल्यात. त्यातली एक जरी फुटली, तर ही किल्ली देवीपुढे ठेवून मी गावची वेस ओलांडीन. मांजरांना घेऊन.”

सुनेनं मानकऱ्यांना असं उत्तर दिलेलं गावानं पहिल्यांदा ऐकलं, असं सांगतात.

त्या संध्याकाळी तिनं चुलीतली राख चाळली आणि उंबऱ्याच्या आत-बाहेर, मुड्यांच्या मागेपर्यंत पसरली. सकाळी उकिडवी बसून ती राख वाचू लागली. वाटेत तांबूच्या अंगाचा भला मोठा ठसा होता; गार वारा लागतो म्हणून तो वाटेतच ताणून देत होता. बाहेर भुऱ्याचे पंजे दारापर्यंत, आणि दारावर उंच गेलेले ओरखडे. आणि अगदी कडेनं बायचे बारीक ठसे. दारापर्यंत आलेले, तिथून परत फिरलेले. पुन्हा आलेले, पुन्हा फिरलेले. सगुणेनं मोजले, सात वेळा. आत, मुड्यांच्या मागे, फक्त उंदरांचे पाय.

आपण तीन मांजरं पोसतोय, पण वाट एकट्या तांबूनं अडवलीय आणि बाकी दोघं बाहेरच राहतायत, हे तिला तेव्हा कळलं. तांबूला उचलून बाजूला ठेवावं, तर पाणी घेऊन येईपर्यंत तो पुन्हा तिथंच.

ती भिकू सुताराकडे गेली. तो म्हणाला, “देवीचं दार ते, वैनी. पटाशी लावली तर हात झडतील माझे. आणि आणखी भोकं पाडून उंदरांना वाट करून देताय काय?”

“उंदरांना वाट आहेच, भिकूदादा. मांजरांना नाही.”

भिकूनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं पटाशी तेवढी मागून घेतली.

तिनं देवीला कौल लावला आणि तो उजवा, म्हणजे होकाराचा, आला, असं काही जण सांगतात. काही म्हणतात, तिनं कौल लावलाच नाही. दार फणसाचं, चार बोटं जाड. वरची फट दोन दिवसांत झाली. खालच्या कोपऱ्यात मात्र लाकडाला गाठ निघाली. तिसऱ्या दिवशी तळहाताची साल गेली, तेव्हा तिनं फडकं गुंडाळलं आणि कोरत राहिली. बाय लांब गवतात बसून बघत होती. सगुणेनं एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाय निघून गेली असती.

रोहिणी निघाल्या त्या सकाळी गाव जमलं. दाजींनी एकेक मुडी उजेडात आणवली आणि फिरवून पाहिली. दहा धड होत्या. अकरावी, सगळ्यांत मागची, उचलली तर तिच्या पेंढ्याला भोक.

सगुणेनं कमरेची किल्ली सोडली आणि ती देवळाकडे वळली.

“थांबा वैनी,” मुडीचं भोक न्याहाळत भिकू सुतार म्हणाला. “दाजी, आधी आत बोट घालून बघा.”

दाजींनी बोट घातलं. पेंढ्याचा वरचा पदर तेवढा कुरतडलेला. आतला पदर शाबूत, बी शाबूत. मुडी जिथं ठेवलेली होती तिथं भिंतीलगत उंदरांच्या शेपट्यांचा ढीग पडला होता. त्या सांदीत तांबूचं अंग मावणार नव्हतं आणि भुऱ्या आत शिरला की आढ्यावरून कधी खाली उतरत नव्हता. सगुणेनं आदल्या रात्री पुन्हा पसरलेल्या राखेत, कोपऱ्यातल्या नव्या वाटेपासून थेट त्या सांदीपर्यंत, बारीक ठशांची रेघ होती. जाणारी, येणारी, कुठंही न थबकलेली.

दाजींनी वाकून ती रेघ पाहिली. मग सगुणेला किल्ली पुन्हा कमरेला लावायची खूण करत म्हणाले, “भिकू, उद्या पटाशी घेऊन माझ्या घरी ये. तीन सुना आहेत माझ्या, आणि मी सगळ्यांना एकाच वाटेनं हाकतोय.”

सगळ्यांत आधी सगुणा हसली. बाय मात्र त्या दिवशीही कुणाला दिसली नाही.

आजही कातळशेतात एका वेताची पिल्लं निवडत नाहीत. ठेवायची तर सगळी. आजही नवं दार बसलं की पहिल्या दोन वाटा सुतार कोरतो. कोपऱ्यातली तिसरी मात्र घरातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसानं कोरायची असते. त्या वेळी बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं, कुणी बघायचं नाही. आणि ती वाट कोरून होईपर्यंत त्या माणसानं ही गोष्ट कुणाला सांगायची नाही.

आमच्या अंगणात सकाळपासून नवं दार आडवं पडलंय. दोन वाटा झाल्यात. कोपऱ्यात लाकडाला गाठ आहे, मी मघाशी अंगठ्यानं दाबून पाहिली. आई हाक मारतेय, सगळे पाठ करून उभे आहेत म्हणतेय, तेव्हा हे लिहिणं इथंच थांबवून मला पटाशी उचलायला हवी.